बुधवारच्या बाजारातली भाजी मंगळवारपर्यंत कशी पुरवायची

आम्ही घरात पाच माणसं, नाशिकला सिडकोत राहतो. मिस्टरांचा ओव्हरटाइम बंद झाला तेव्हापासून भाजीचे आठवड्याला ६०० रुपये ठरवून घेतलेत आणि दोन वर्षं त्यातच भागवतेय, तेही रोज ताटात एक भाजी, वरण नाहीतर उसळ आणि सोबत काकडी-मुळा असं काहीतरी कच्चं ठेवून. स्वस्तात घर चालवायचे जे सल्ले येतात ते सगळे भाव कसा पाडायचा यावरच, पण घासाघीस करून पाच रुपये वाचवायचे आणि शुक्रवारी वीस रुपयांची मेथी कचऱ्यात टाकायची, याचा हिशोब कोणीच धरत नाही. मी धरला, म्हणून हे लिहितेय.

१. पैसे

सुट्टे ६०० रुपये वेगळ्या पाकिटात घ्या, मोबाइलवरून पैसे देऊ नका. बस.

२. किती वाजता जायचं

आपल्याकडे बुधवारचा बाजार गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर भरतो हे सगळ्यांना माहितीये. लोक सांगतात की रात्री बाजार उठताना जा, फेकून देतात अगदी. पालेभाजीच्या बाबतीत हा सल्ला साफ चुकीचा आहे. दिवसभर उन्हात पडलेली आणि तासातासाला पाणी मारून तजेलदार दाखवलेली जुडी रात्री तीस ऐवजी पंधराला मिळते, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा चिखल होतो. पालेभाजी सकाळीच घ्यायची. नोकरीमुळे सकाळी नाहीच जमत तर रात्री फक्त टिकणाऱ्या भाज्या घ्या, कोबी, भोपळा, बटाटे, बीट, त्यांचे वाटे खरंच स्वस्त लागतात, आणि पालेभाजी दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून एकच जुडी. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटच पाण्यात जातो, त्या आठवड्यात सरळ भद्रकालीच्या भाजीबाजारात.

पिशवी भरायच्या आधी एक पूर्ण चक्कर मारा, मगच पहिली भाजी घ्या.

३. काय घ्यायचं

दोन पालेभाज्या, त्यातली एक त्याच दिवशी संपवायची. तीन मऊ भाज्या (भेंडी, गवार, वांगी, दोडका, जे स्वस्त असेल ते) अर्धा-अर्धा किलो. दोन टिकाऊ. टोमॅटो निम्मे पिकलेले, निम्मे कडक. मुळा पाल्यासकटच घ्या, भाजीवाल्या मावशी विचारतात पाला काढू का, तर नाही म्हणायचं, पीठ पेरून त्याची अख्खी एक वेळची भाजी होते आणि ती फुकटात पडते.

४. घरी आल्यावरचा पहिला तास

इथेच मी वर्षभर चुकत होते, म्हणून इथे नीट वाचा.

मी काय करायचे, तर बाजारातून यायचे, दमलेली असायचे, पिशव्या तशाच फ्रीजमध्ये कोंबायचे आणि उद्या निवडू म्हणायचे. एप्रिलमधली गोष्ट आहे, मेथीच्या दोन जुड्या गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, गाडीच्या डिक्कीत, तिथून तशाच फ्रीजमध्ये. शुक्रवारी पिशवी उघडली तर आत पाणी साचलेलं, मधली पानं काळी आणि बुळबुळीत, हाताला तार सुटत होती आणि वास तर विचारू नका. दोन्ही जुड्या गेल्या. मग महिनाभर मी फेकलेली भाजी वहीत लिहून ठेवली, ती २८० रुपयांची भरली. आमच्या जवळजवळ अर्ध्या आठवड्याच्या भाजीचे पैसे होते ते, मला फार लागलं ते.

भाजी सडते ती ओल आणि कोंडलेली गरमी यांनी. भाजीवाले पाणी मारतात, त्यांचा नाइलाज असतो, पण ते पाणी आपल्याला घरी काढावं लागतं. आल्या आल्या जुडीची सुतळी सोडा, जुन्या सुती साडीवर पालेभाजी मोकळी पसरा आणि वरचा पंखा लावा. अर्धा-पाऊण तास. तोवर तुम्ही चहा घ्या. मग हात लावून बघा, पानाला पान चिकटत नाही आणि तळहात कोरडा राहतो तेव्हा ती ठेवण्यालायक झाली. पिवळं, कुजकं पान एकही ठेवू नका, एक पान बाकीच्यांना घेऊन जातं.

धुवायची नाही! हे मी पुन्हा पुन्हा सांगते. धुऊन, चिरून डब्यात भरून ठेवायचे व्हिडिओ बघून मीही केलंय, दोन दिवसांत चिरलेल्या कडा काळ्या पडतात. निवडा, पण धुणं-चिरणं कढई तापत ठेवताना.

मेथी निवडून सुती पिशवीत आणि ती पिशवी डब्यात, झाकण थोडं उघडं. जुन्या ओढणीच्या पिशव्या शिवून घ्या, चार पुरतात. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई पानाला लागते, सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याने, एफएसएसएआयनेही २०२३ मध्ये अन्नासाठी वर्तमानपत्र वापरू नका म्हणून सांगितलंय. कोथिंबिरीची मुळं कापा, बाकी तसंच. मिरच्यांचे देठ काढा, देठापासूनच त्या सडायला लागतात. भोपळ्याच्या फोडीतला मऊ गर आणि बिया चमच्याने खरवडून टाका, नाहीतर तिथेच बुरशी धरते.

आणि टोमॅटो-केळी पालेभाजीजवळ ठेवू नका. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं, त्याने शेजारची पानं पिवळी पडतात. माझी कोथिंबीर का पिवळी पडते हे मला किती दिवस कळत नव्हतं, टोमॅटो बाहेर ताटात ठेवायला लागले आणि ती आठ दिवस हिरवी राहायला लागली.

५. कुठली भाजी कधी

आवडीप्रमाणे करायची नाही, नाजूक आधी. बुधवारी पालक, गुरुवारी मेथी, शुक्रवारी मुळ्याचा पाला किंवा भेंडी, शनिवारी वांगी, रविवारी अंडी नाहीतर उसळ, सोमवारी कोबी, मंगळवारी भोपळा. पालेभाजीत शेंगदाण्याचं कूट घाला आणि ताटात लिंबू पिळा, लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवल्याबरोबर चहा घेतला तर उलटं होतं, तासभर थांबा. भाकरी बाजरीची, नागलीची (म्हणजे नाचणीची), आपल्याकडे पेठ-सुरगाण्याची नागली चांगली मिळते आणि कॅल्शियम तर तिच्यात भरपूर, पोरांना द्याच.

६. मटकी

पाव किलो मटकीत दोन वेळच्या उसळी होतात आणि १०० ग्रॅम कोरड्या मटकीत २३ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. आठ तास भिजवा, फडक्यात बांधा. अडचण येते डिसेंबर-जानेवारीत, नाशिकच्या थंडीत मोडच येत नाहीत आणि मटकीला आंबूस वास मारतो. तेव्हा कोमट पाण्यात भिजवा, गरम पाण्याने विसळलेल्या रिकाम्या कुकरमध्ये गाठोडं ठेवून झाकण लावा, वरून गोधडी. दीड दिवस लागतो, मधे उघडून बघू नका.

७. कांदे

लाल कांदा साठवू नका, टिकत नाही. मार्चअखेरपासून उन्हाळी कांदा येतो तो घ्या, मान बारीक आणि वाळलेली, पापुद्रा घट्ट. पलंगाखाली वारा लागेल असा पसरून ठेवला तर आमच्याकडे दिवाळीपर्यंत जातो, बटाट्यांपासून लांब ठेवायचा आणि दर रविवारी हात फिरवून मऊ लागेल तो आधी वापरायचा. याचे पैसे ६०० मधून काढू नका, ते त्यात बसत नाहीत, मी जानेवारीपासून दर आठवड्याला पन्नास रुपये वेगळे टाकते.

मंगळवारी रात्री फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा करायचा, दोन मिरच्या, कोबीचा तुकडा, कोथिंबिरीचे देठ असं उरलेलं सगळं बारीक चिरून थालीपिठात घालते, आणि सुती पिशव्या धुऊन गॅलरीत वाळत टाकते, सकाळपर्यंत त्या कोरड्या लागतात.