बासच्या गळापासून होडीच्या बुचापर्यंत : सामान कसं निवडावं, कसं जपावं

गोड्या पाण्यातला बास हा मासा आमिष कुरतडत बसत नाही, तो ते आत ओढून घेतो. मोठा जबडा एकदम उघडतो, पाण्यासकट आमिष तोंडात जातं आणि काही खटकलं तर तितक्याच झटक्यात बाहेर फेकलं जातं. तेवढ्या वेळात गळाचं टोक रुतायला हवं, दोरा शाबूत हवा आणि गाठ पक्की हवी. काठी किती भारी होती याचा त्या घडीला काही उपयोग नसतो.

म्हणून नवख्या माणसाला माझं पहिलं सांगणं असं, की खरेदीची सुरुवात काठीपासून करू नका, होडीपासून तर मुळीच नको. माशाच्या तोंडापासून मागे मागे येत जा. आधी आमिष आणि गळ, मग दोरा, मग रीळ आणि काठी, आणि होडी सगळ्यात शेवटी. सामान जपतानाही हाच क्रम ठेवा.

आधी पाणी बघा

बास मूळचा उत्तर अमेरिकेतला. त्याच्या दोन जाती गळ टाकणाऱ्यांच्या विशेष आवडीच्या आहेत. मोठ्या तोंडाचा बास संथ, कोमट पाण्यात, पाणवनस्पती आणि बुडालेल्या ओंडक्यांच्या आडोशाला राहतो. लहान तोंडाच्या बासला थंड, स्वच्छ पाणी आणि खडकाळ तळ मानवतो. पहिल्यासाठी दोरा जाड आणि काठी ताठ लागते, कारण गळाला लागताच तो गवतात शिरतो. दुसऱ्यासाठी बारीक दोरा आणि हलकी काठी पुरते.

मोठ्या तोंडाच्या बासचा विक्रम २२ पौंडांचा, म्हणजे १० किलोंवर आहे. जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात २२ पौंड ४ औंसांचा मासा पकडला. मानाबू कुरिता यांनी २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात पकडलेला मासा २२ पौंड ४.९७ औंसांचा भरला. जुना विक्रम मोडायला निदान २ औंस जास्त लागतात, म्हणून दोघं आजही बरोबरीत आहेत. हे वाचून कोणी दहा किलोंच्या माशाच्या हिशेबाने सामान घेऊ नये. आपल्या गळाला लागणारे बहुतेक बास एक-दोन किलोंच्या आतले असतात. जाड दोरा लागतो तो वजनासाठी नव्हे, गवतासाठी.

आमिष थोडं, गळ धारदार

सुरुवातीला चार प्रकार पुष्कळ झाले. मऊ प्लास्टिकचा किडा, पाती फिरणारा स्पिनरबेट, तळाशी ठुमकत नेण्याचा जिग आणि माशाच्या आकाराचा क्रँकबेट. मऊ किडा गळावर लावताना गळाचं टोक किड्याच्या अंगात दडवता येतं, त्यामुळे तो गवतात अडकत नाही. एकच प्रकार शिकायचा असेल तर हा शिका.

गळाची धार नखावर तपासा. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढा. ते नखात अडलं तर ठीक, घसरलं तर कानसेवर दोन-चार हात फिरवा किंवा गळ बदला. खडकावर आपटलेला नवा गळही घसरतो, त्यामुळे तो नवा आहे यावर विसंबू नका.

आमिषाच्या पेटीची एक गोष्ट कोणी सांगत नाही. मऊ प्लास्टिकची आमिषं कडक प्लास्टिकच्या आमिषांशेजारी ठेवू नका. मऊ किड्याला लवचीक ठेवणारं द्रव्य रंग आणि कडक प्लास्टिक विरघळवतं. माझ्या पेटीत एका उन्हाळ्यात दोन क्रँकबेट किड्यांना असे चिकटले होते, की सोडवताना पोटाचा रंग सालासारखा निघून आला. किडे त्यांच्या मूळ पिशवीतच बरे. वापरलेलं आमिष ओलं असताना पेटीत टाकू नका. एक ओला तीनतोंडी गळ अख्ख्या कप्प्याला गंज लावतो.

वजनासाठी शिसं स्वस्त पडतं, पण पाण्यात पडलेले शिशाचे गोळे पाणपक्षी गिळतात आणि विषबाधेने मरतात. इंग्लंडमध्ये १९८७ पासून लहान शिशांवर बंदी आहे, अमेरिकेतल्या काही राज्यांतही निर्बंध आहेत. टंगस्टन घ्यावं. ते शिशापेक्षा दीडपटीहून जास्त घन असल्यामुळे तेवढ्याच वजनाचा गोळा लहान होतो आणि कठीण असल्यामुळे तळ खडकाळ आहे की चिखलाचा, हे हाताला चटकन कळतं.

दोरा : इथे घाई नको

दोरे तीन तऱ्हेचे. पहिला नायलॉनचा एकपदरी, आपला ओळखीचा तंगूस. तो ताणतो, त्यामुळे चुका सांभाळून घेतो, गाठही चांगली धरतो. दुसरा फ्लोरोकार्बनचा. तो पाण्यात बुडतो, कमी दिसतो आणि खडकावर घासलं तरी तग धरतो. तिसरा विणलेला. तो जवळजवळ ताणतच नाही, पाण्यावर तरंगतो आणि त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा कितीतरी मजबूत असतो.

उघड्या पाण्यात हलक्या काठीवर ६ ते १० पौंडांचा, म्हणजे तेवढी ओढ सोसणारा, दोरा चालतो. जिग आणि मऊ किड्यासाठी १२ ते १७ पौंडांचा फ्लोरोकार्बन घ्या. दाट गवतात ३० ते ६५ पौंडांचा विणलेला दोराच हवा. विणलेला दोरा गुळगुळीत रिळावर थेट गुंडाळला तर अख्खा गोल फिरतो आणि मासा ओढतो तसा घसरत जातो. खाली आधी थोडा नायलॉन गुंडाळून घ्या.

गाठ एकच शिका, पण डोळे मिटून बांधता येईल अशी शिका. पालोमार गाठ सोपी आहे आणि तिन्ही दोऱ्यांवर चालते. दुहेरी दोरा गळाच्या डोळ्यातून काढा, साधी गाठ सैल मारा, पुढे उरलेल्या फासातून गळ पार करा, गाठ थुंकीने ओली करा आणि हळूहळू आवळा. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि तिथेच दोरा कमजोर होतो.

मासा सोडल्यावर किंवा आमिष दगडात अडकून सुटल्यावर शेवटचा हात-दीड हात दोरा दोन बोटांतून ओढून बघा. खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने बांधा. कापलेले तुकडे खिशात ठेवा. पाण्याकाठी टाकलेल्या दोऱ्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

रीळ आणि काठी

पहिलं रीळ स्पिनिंगचं घ्या. ते काठीच्या खाली लटकतं, हलकं आमिष सहज फेकतं आणि गुंता कमी करतं. बेटकास्टिंगचं रीळ काठीच्या वर बसतं, जड आमिषाला आणि जाड दोऱ्याला उत्तम. पण फेक संपता संपता अंगठ्याने दोरा थोपवायची सवय लागेपर्यंत त्यावर मोठे गुंते होतात. रिळावर ७:१ असं लिहिलेलं असलं तर मूठ एकदा फिरवली की गुंडाळी सात वेळा फिरते. जिग झटपट वर घ्यायला हे बरं, खोल जाणाऱ्या क्रँकबेटला मात्र ५:१ च्या आसपासचं रीळ हाताला कमी थकवतं.

स्पिनिंगसाठी साडेसहा ते सात फुटांची, मध्यम ताकदीची आणि फक्त टोकाशी वाकणारी काठी घ्या. जिगसारख्या एकतोंडी जाड गळाला ताठ काठी हवी, नाहीतर गळ जबड्यात रुतत नाही. क्रँकबेटचे गळ बारीक आणि तीनतोंडी असतात. ताठ काठीने ते माशाच्या ओठातून फाटून निघतात, म्हणून तिथे निम्म्यापर्यंत वाकणारी काठी चांगली.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागल्यावर दोरा सोडणारा लगाम, अंदाजाने आवळू नका. दोऱ्याचं टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधून ओढा. दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ओढीला दोरा सुटायला हवा, म्हणजे १२ पौंडांच्या नायलॉनला ३ ते ४ पौंडांवर. घरी आलं की ड्रॅग सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात आणि पुढच्या वेळी दोरा झटक्याझटक्याने सुटतो.

काठीच्या कड्यांकडे माझं वर्षभर लक्षच गेलं नव्हतं. एका सकाळी लागोपाठ दोन चांगले मासे दोरा तुटून गेले. दोरा नवा होता, गाठ शाबूत होती, तुटला तो गाठीच्या बराच वर. घरी येऊन कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवला. टोकापासून दुसऱ्या कडीत कापसाचा एक धागा अडकला. तिथे आतल्या सिरॅमिकला केसाएवढी चीर होती, डोळ्यांना दिसत नव्हती, पण ताणलेला दोरा सुरीसारखा कापत होती. तेव्हापासून दर हंगामाच्या सुरुवातीला कापूस फिरवल्याशिवाय मी काठी बाहेर काढत नाही. तुम्हीही हे एक काम चुकवू नका.

रिळाला तेल आणि ग्रीस वेगवेगळ्या जागी लागतं. बेअरिंगला एक थेंब पातळ तेल, दात्यांना पातळसा ग्रीसचा थर. जास्त दिलं तर धूळ आणि वाळू धरून बसतं.

होडी घ्यावी ती अशी

छोट्या तलावासाठी १२ ते १४ फुटांची सपाट तळाची अॅल्युमिनियमची होडी सोपी आणि टिकाऊ. उथळ पाण्यात जाते, उभं राहून फेकता येतं. वारा आणि लाटा जास्त असतील तिथे सपाट तळ आपटतो, तिथे खोल टोकदार तळ हवा. एकट्याने जायचं असेल तर वर बसण्याची रुंद कायाक बघा.

किती माणसं बसतील हे होडीवरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. अमेरिकेत २० फुटांखालच्या साध्या मोटरबोटींना ही पाटी सक्तीची आहे. पाटी नसेल तर लांबी आणि रुंदी फुटांत गुणून १५ ने भागा. १२ फूट गुणिले ४ फूट म्हणजे ४८, भागिले १५, म्हणजे तीन माणसं. हे शांत पाण्यापुरतं. शिशाची मोठी बॅटरीच साधारण २५ किलोंची असते, तिचं वजनही मोजा.

जुनी अॅल्युमिनियमची होडी घेताना ती ट्रेलरवर असतानाच आत चार बोटं पाणी ओता आणि खालून बघा. जिथे थेंब लोंबेल तिथे खडूने खूण करा. एखादं रिव्हेट ठिबकत असेल तर दुरुस्त होतं. शिवणीच्या रेषेवर ओळीने थेंब दिसले तर दुसरी होडी बघा. आत लाकडी तळ बसवलेला असेल तर तोही उचलून बघा, कारण तांब्याचं रसायन पाजलेलं लाकूड ओलसर राहिलं की अॅल्युमिनियमला भोकं पाडतं.

लाईफ जॅकेट अंगात घाला, बाकाखाली ठेवू नका. गार पाण्यात पडल्यावर पहिला श्वासच आपोआप आत ओढला जातो, त्यावेळी बाक शोधायला सवड नसते. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या होडीवर ३ अश्वशक्ती किंवा त्याहून मोठं इंजिन वेगात चालवताना चालकाने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला लावणं बंधनकारक आहे. नियम लागू नसेल तिथेही लावा. चालक पाण्यात पडला की मोकळी होडी त्याच्याभोवती गोल फिरत परत येते.

मोटर आणि बॅटरी

काही तलावांत फक्त विजेवरची मोटर चालते, ते आधी विचारून घ्या. होडी, माणसं आणि सामान मिळून दर १०० पौंडांमागे २ पौंड जोर हा किमान हिशेब. वारा असेल तिथे त्याच्या दुप्पट धरा. ५५ पौंडांपर्यंतच्या मोटरीला १२ व्होल्टची एक बॅटरी पुरते. पण पूर्ण वेगात अशी मोटर साधारण ५० अँपिअर ओढते, आणि शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर पूर्ण वेगाचा एकच तास मिळतो. सावकाश चालवली तर दिवस निघतो. बॅटरी डीप सायकल प्रकारचीच, म्हणजे पुन्हा पुन्हा खोलवर उतरवून भरता येणारी घ्या, गाडीची नको. परतलात की त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावा. उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर कडक थर बसतो, आणि कडाक्याच्या थंडीत ती गोठून फुटूही शकते.

मोटरीचा पंखा अधूनमधून काढून बघा. पाण्यात तरंगणारा दोरा दांड्याभोवती गुंडाळला जातो आणि आतलं सील कापतो. होडीच्या मागे बाहेर लटकणाऱ्या पेट्रोलच्या आउटबोर्ड इंजिनाचं खालच्या गिअरचं तेल बदलताना ते दुधाळ दिसलं, तर सीलमधून पाणी शिरलं आहे हे नक्की. थंडीत ते पाणी गोठून गिअरची पेटीच तडकते.

पाण्यातून बाहेर आल्यावर

बरेच किलोमीटर ट्रेलर ओढत आणल्यावर चाकाच्या मध्यावर हात ठेवून बघा. तापलेला लागला तर लगेच पाण्यात उतरवू नका. तापलेलं बेअरिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं.

मासा सोडायचा असेल तर हात ओले करा. ओठ धरून उभा लटकवू नका, मोठ्या माशाच्या पोटाखाली दुसरा हात द्या. गळ काढायला लांब चोचीची पक्कड वरच्या खिशात असू द्या. पकडलेला मासा जिवंत दुसऱ्या तलावात कधीही नेऊन सोडू नका. बास हावरा शिकारी आहे. जपानमध्ये २००५ पासून त्याला जिवंत नेणं, पाळणं आणि सोडणं कायद्याने बंद आहे, कारण तिथले मूळ मासे त्याच्या तोंडी जातात.

एका पाण्यातली घाण दुसऱ्या पाण्यात नेऊ नका. झेब्रा शिंपले १९८८ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरात सापडले, आणि पुढे होड्यांना चिकटून कित्येक तलावांत पसरले. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, ती होडीत उरलेल्या पाण्यातून जातात. काठावरच गवत काढा, मासे ठेवायच्या टाकीतलं आणि तळातलं पाणी सोडा, आणि होडी निदान पाच दिवस वाळू द्या.

तळातलं पाणी सोडायला बूच काढावं लागतं, आणि काढलेलं बूच पुढच्या वेळी लावायचं राहून जातं. ते खिशात किंवा पेटीत ठेवू नका. इंजिन बंद करणाऱ्या दोरीलाच अडकवून ठेवा. ती दोरी हातात घेतल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, आणि बूच तिला लटकत असलं की होडी ट्रेलरवरून पाण्यात उतरायच्या आत लावलं जातं.