लंडनला पत्रकारितेची अभ्याससहल कशी काढावी

प्रवास कंपनीकडून आलेला 'मीडिया स्टुडंट्स'चा कार्यक्रम उघडला की त्यात मेणाचे पुतळे, नदीकाठचा मोठा पाळणा, थेम्समधली बोट आणि चौथ्या दिवशी दुपारी दोन ते तीन 'मीडिया हाउस व्हिजिट' असते. पहिल्या खेपेला आम्ही तो कार्यक्रम मुकाट्याने स्वीकारला. मुलं परतली तेव्हा फोन फोटोंनी भरलेले होते, बातमी एकही नव्हती. दुसऱ्या खेपेला एकच नियम केला: लंडनमध्ये रोज रात्री नऊला मुलांनी लिहिलेल्या बातम्यांचा अंक निघणार. तारखा, बसचे मार्ग, कोणाला भेटायचं, सगळं मग त्या अंकापासून उलटं मोजत ठरलं. खालच्या पायऱ्याही त्याच क्रमाने वाचा.

तारखा संसदेला विचारून ठरवा

विमानाचं स्वस्त तिकीट पाहून तारखा ठरवू नका. ब्रिटिश संसद जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत सुट्टीवर असते, मेच्या अखेरीसही काही दिवस बंद राहते. न्यायालयंही ऑगस्टमध्ये सुस्तावतात. तिकडचे पत्रकारच या दिवसांना 'सिली सीझन' म्हणतात, म्हणजे पानं भरायला बातमी नाही. आपल्या परीक्षा आणि तिकडचं कामकाज या दोन्हींत बसतो तो जूनचा दुसरा-तिसरा आठवडा. तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो, हा वरचा फायदा.

आठवडा सोमवारी सुरू होईल असं बघा. फ्लीट स्ट्रीट हा वर्तमानपत्रांचा जुना रस्ता, ओल्ड बेली हे फौजदारी न्यायालय, बाकीची न्यायालयं ही सगळी कामाच्या दिवसांची ठिकाणं. शनिवार-रविवारी तिथे चिटपाखरू नसतं.

पत्रं तीन महिने आधी, आणि नेमक्या माणसाला

'आमच्या विद्यार्थ्यांना आपली संस्था पाहायची आहे' या पत्राला उत्तर येत नाही. न्यूजरूम म्हणजे पाहायची वस्तू नव्हे, आणि खरं तर पाहण्यासारखं तिथे फारसं नसतंही. माणसं पडद्याकडे बघत बसलेली असतात. एखाद्या उपसंपादकाला किंवा न्यायालयाच्या बातमीदाराला थेट लिहा. चाळीस मिनिटं मागा, दहापेक्षा जास्त मुलं आणणार नाही असं कळवा आणि तीन प्रश्न पत्रातच द्या. लंडनच्या विद्यापीठांतले पत्रकारिता विभागही चांगला प्रतिसाद देतात. तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर एक दुपार घालवणं हे कुठल्याही स्टुडिओ-दर्शनापेक्षा मोलाचं.

आणखी एक. बीबीसी मराठी २०१७ मध्ये सुरू झाली, पण तिचं काम मुख्यतः भारतातून चालतं. पोर्टलँड प्लेसच्या ब्रॉडकास्टिंग हाउसमध्ये मराठी टेबल दिसेल अशी आशा मुलांना लावू नका. इमारतीबाहेर जॉर्ज ऑर्वेलचा पुतळा मात्र जरूर दाखवा. दुसऱ्या महायुद्धात तो याच संस्थेत भारतासाठीचे कार्यक्रम करत होता.

व्हिसा : जे करणार आहात तेच लिहा

लागतो तो स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात. गट असला तरी अर्ज प्रत्येकाचा वेगळा, बोटांचे ठसेही प्रत्येकाने जाऊन द्यायचे. कॉलेजचं बोनाफाइड, दिवसवार कार्यक्रम, खर्च कोण करणार त्याचं पत्र आणि त्या माणसाचे बँकेचे उतारे जोडा. खर्च वडील करणार असतील आणि उत्पन्न शेतीचं असेल तर सातबारा लावावा लागतो. तो मराठीत असतो, म्हणून प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं. यात आठवडा सहज जातो. अठराच्या आतल्या मुलांना पालकांचं संमतिपत्र लागतं.

'टुरिझम' एवढंच लिहून मोकळं होण्याचा सल्ला एजंट देतात. ऐकू नका. अभ्याससहल आहे, वर्गासाठी बातम्या लिहिणार आहोत, तिथे नोकरी किंवा इंटर्नशिप करणार नाही, असं स्वच्छ लिहा. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं तर सगळ्या मुलांकडून तेच उत्तर यायला हवं.

राहणं, खाणं, फिरणं

विद्यापीठांची वसतिगृहं उन्हाळ्यात पाहुण्यांना भाड्याने मिळतात, त्यांचा भाव हॉटेलच्या आधी काढा. स्वयंपाकघर असेल तर निम्मा प्रश्न सुटला. भडंग, चिवडा, कोरड्या चटण्या न्या. पेढे-बर्फी नको, कारण भारतातून दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. आईने बॅगेत गुपचूप घातलेला डबा निघण्याआधी तपासा. चार्जरसाठी तीन चौकोनी दांड्यांचा ॲडाप्टर इथूनच घ्या.

लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. प्रत्येकाकडे स्वतःचं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड किंवा ऑयस्टर हे तिकडचं प्रवासाचं कार्ड हवं, एका कार्डावर दोघं जात नाहीत. बसचं एक भाडं भरलं की पुढचा तासभर दुसऱ्या बस फुकट. भुयारी रेल्वेपेक्षा बस बरी, बातमीदाराला रस्ता दिसला पाहिजे.

निघण्याआधीचा गृहपाठ

प्रत्येकाला एक बीट, म्हणजे बातमीदारीचा ठरलेला विषय, द्या: न्यायालय, संसद, वाहतूक, घरभाडी, स्थलांतरित, हवामान. महिनाभर त्याने त्याच विषयावरच्या तिकडच्या बातम्या वाचायच्या आणि तीन प्रश्न घेऊन विमानात बसायचं. शिवाय सर्वांनी एकदा लोकमान्यांचा चिरोल खटला वाचून यायचा. का, ते पुढे येतं.

फ्लीट स्ट्रीट पायी, एक अख्खी सकाळ

टेंपल स्टेशनला उतरा. पहाटेचे चार-पाच वेगवेगळे पेपर आधीच विकत घेतलेले असू द्या, स्टेशनवर फुकट मिळणारा 'मेट्रो'ही उचला. स्ट्रँडवर रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसची इमारत लागेल. पुढे जायची घाई करू नका, पहिला तास इथेच.

'भारतीय असंतोषाचे जनक' ही पदवी आपण शाळेत गौरवाने पाठ केलेली असते. ती मूळची आरोप म्हणून लिहिली गेली, हे निम्म्या मुलांना ठाऊक नसतं. लिहिणारा व्हॅलेंटाइन चिरोल हा 'द टाइम्स'चा परराष्ट्र विभाग सांभाळणारा पत्रकार. त्याच्यावर टिळकांनी बदनामीचा दावा लावला, त्यासाठी १९१८ मध्ये ते लंडनला आले, आणि १९१९ च्या सुरुवातीला खटला इंग्लंडच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यासमोर चालला. चिरोलच्या बाजूने वकील एडवर्ड कार्सन, टिळकांच्या बाजूने जॉन सायमन. टिळक हरले आणि खर्चात बुडाले. एका संपादकाने दुसऱ्या पत्रकारावर लावलेला हा दावा. बदनामीचा कायदा शिकवायला यापेक्षा चांगला धडा मला तरी सापडलेला नाही.

याच इमारतीत २०११-१२ मध्ये लेव्हसन चौकशी झाली. लोकांचे फोन चोरून ऐकणाऱ्या पत्रकारांची आणि त्यांच्या मालकांची इथे उलटतपासणी झाली. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हा त्यातला मुख्य आरोपी पेपर त्याआधीच, जुलै २०११ मध्ये, बंद पडला होता. पायऱ्यांवर उभं करून मुलांना विचारा: चिरोलने केलं ते आणि या पेपरने केलं ते, फरक काय? पहिल्या दिवसाचा अग्रलेख इथेच जन्म घेतो.

आता पूर्वेकडे चालू लागा. १७०२ मध्ये 'डेली कुरंट' हे ब्रिटनचं पहिलं दैनिक याच रस्त्याच्या टोकाला, लडगेट सर्कसजवळ निघालं, आणि काढणारी होती एलिझाबेथ मॅलेट नावाची बाई. आपलं 'दर्पण' निघालं १८३२ मध्ये. वाटेत 'टेलिग्राफ'ची खांबांची जुनी इमारत, 'एक्स्प्रेस'ची काळ्या काचेची इमारत आणि ८५ क्रमांकाला रॉयटर्स या वृत्तसंस्थेचं जुनं घर दिसेल. १९८६ मध्ये वृत्तपत्रांचा मालक रुपर्ट मर्डॉकने आपले पेपर एका झटक्यात पूर्व लंडनमधल्या वॉपिंगला नेले, जुन्या छपाईकामगारांचा संप मोडला आणि पाठोपाठ बाकीचे उठले. रॉयटर्स २००५ मध्ये गेली. रस्ता अजूनही पत्रकारितेच्या नावाने ओळखला जातो आणि तिथे पत्रकार नाहीत. गिरणगावात फिरलेल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही.

बुव्हरी स्ट्रीटकडून मॅगपाय ॲलीत वळा, तिथे भिंतीवरच्या फरशांवर छपाईचा इतिहास चितारला आहे. शेवट सेंट ब्राइड्स चर्चमध्ये करा. याला पत्रकारांचं चर्च म्हणतात. कामावर असताना मारल्या गेलेल्या, बेपत्ता झालेल्या पत्रकारांची नावं तिथल्या वेदीपाशी ठेवलेली असतात. आत शांत बसायचं, फोटो नको.

न्यायालय आणि संसद

ओल्ड बेलीच्या प्रेक्षकदीर्घेत प्रवेश फुकट आहे, वय किमान चौदा हवं. फोन, कॅमेरा, पिशवी यातलं काहीही आत जात नाही आणि सामान ठेवायला आत सोयही नाही. आमची एक सकाळ यातच गेली: रांगेत तासभर उभे, आणि दारात कळलं की सगळ्यांच्या पाठीवर सॅक. तेव्हापासून एक शिक्षक बाहेर कॉफीच्या दुकानात फोनांची राखण करतो. मुलं चौघा-चौघांच्या गटाने पाठवा, वही-पेन पुरे. इंग्लंड-वेल्सच्या न्यायालयात फोटो काढणं १९२५ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. खटला सुरू असताना त्यावर मत मांडणारी पोस्ट टाकली तर न्यायालयाचा अवमान होऊ शकतो, हे आधी बजावून ठेवा.

संसदेत बुधवारी दुपारी बाराला पंतप्रधानांना प्रश्न विचारले जातात. ती गर्दी सोडा, परदेशी पाहुण्यांना तेव्हा जागा मिळणं कठीण. त्यापेक्षा एखाद्या संसदीय समितीची बैठक गाठा. तिथे मंत्री किंवा अधिकारी साक्षीला बसलेले असतात, प्रश्न नेमके असतात, आणि बातमी कुठे लपली आहे ते शोधण्याचा सराव होतो.

आपल्या खुणा

मेडा व्हेलमध्ये १०, हाउली प्लेस इथे टिळक राहत होते, भिंतीवर निळी पाटी आहे. चॉक फार्मपासून चालत १०, किंग हेन्रीज रोड गाठता येतं. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे राहिले. जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू करून त्याच वर्षी ते लंडनला आले होते. हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं, पण स्थानिक कौन्सिलने संग्रहालयाला परवानगी नाकारली आणि वाद वरपर्यंत जाऊन २०२० मध्ये ती मिळाली. म्हणजे इथे नुसता फुलं वाहण्याचा कार्यक्रम करू नका. शेजारी, कौन्सिल, भेट देणारे, तीन बाजूंची बातमी तयार आहे. संध्याकाळी महाराष्ट्र मंडळाला आधी कळवून जा. 'केसरी'चे संपादक न. चिं. केळकर यांच्या पुढाकाराने ते १९३२ मध्ये सुरू झालं. जेवणही मराठी मिळण्याची शक्यता असते, आणि पाचव्या दिवशी त्याची किंमत कळते.

रस्त्यावर बोलताना

ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, कोणाशी बोलायला जाऊ नका, लोक दचकतात. बसथांबा, बाग, बाजार बरा. रविवारी सकाळी हाइड पार्कचा स्पीकर्स कॉर्नर सगळ्यात सोपा, तिथे माणसं बोलायलाच आलेली असतात. आधी आपण विद्यार्थी असल्याचं सांगायचं, नावाचं स्पेलिंग विचारायचं, लहान मुलांना पालकांशिवाय प्रश्न नाहीत. कॅनरी व्हार्फसारखा भाग खाजगी मालकीचा आहे, ट्रायपॉड लावला की सुरक्षारक्षक येतो. वाद घालू नका, त्याने अडवलं याचीच चौकटीतली बातमी करा.

नऊचा अंक

रोज एक मुख्य संपादक, दोन उपसंपादक, बाकी बातमीदार, आणि पदं रोज बदलायची. संध्याकाळी सहाला बैठक, आठला मजकूर बंद, नऊला ए-थ्री कागदाचा भित्तिपत्रक-अंक वसतिगृहाच्या जेवणघरात आणि त्याचीच पीडीएफ घरच्यांच्या ग्रुपवर. बातमी अडीचशे शब्दांची. 'भव्य', 'नयनरम्य', 'ऐतिहासिक' हे शब्द बंद, एकदा वापरले की भांडी घासायची. गावाकडच्या दैनिकाला मजकूर द्यायचा असेल तर घड्याळ लक्षात ठेवा: जूनमध्ये भारत साडेचार तास पुढे असतो, रात्री दहाची डेडलाइन म्हणजे लंडनची संध्याकाळची साडेपाच.

शहर बघायचं राहतं का? नाही. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी यांना प्रवेश फुकट आहे, आणि ज्याचं काम वेळेत झालं त्याने मोकळ्या दुपारी हवं ते पाहावं. मेणाचे पुतळे ज्याला हवेत त्याने स्वतःच्या खर्चाने.

परतल्यावर आठवडाभरात सगळे अंक एकत्र बांधा. ज्यांनी वेळ दिला त्या प्रत्येकाला एक प्रत टपालाने पाठवा, त्यांच्याविषयीच्या मजकुराचं दोन परिच्छेदांचं इंग्रजी भाषांतर वर जोडून. पुढच्या वर्षीच्या पत्राला उत्तर लवकर येतं.