पिल्लू घरी आणताना सामानाच्या खरेदीत या चुका टाळा

कुत्र्याचे पिल्लू आणायचे ठरले की घरातली मंडळी आधी दुकान गाठतात आणि मऊ गादी, रंगीत पट्टा, चूं-चूं वाजणारी खेळणी, अंगावर फवारायचे अत्तर आणि कॅल्शियमची बाटली असा ढीग घेऊन परततात. यातले निम्मे सामान पहिला महिनाभर लागत नाही, आणि जे पहिल्याच रात्री लागते ते नेमके राहून जाते.

सर्वांत आधी हवे ते पिल्लाचे आजवरचे अन्न. ते जिथून आणणार आहात तिथे त्याला कोणत्या कंपनीचे, किती आणि दिवसातून किती वेळा खायला घालत होते हे विचारून घ्यावे, आणि तेच अन्न निदान आठवडाभर पुरेल इतके आणून ठेवावे. आई सुटली, घर बदलले आणि त्याच दिवशी अन्नही बदलले, तर जुलाब होणार हे जवळजवळ ठरलेलेच. अन्न बदलायचेच असेल तर नवे थोडे-थोडे मिसळत सात-आठ दिवसांत बदलावे. इंदूरच्या मराठी घरांत दूध-पोळी कालवून घालण्याची रीत जुनी आहे, परंतु गाई-म्हशीच्या दुधातील साखर अनेक पिल्लांना पचत नाही आणि पहिल्या आठवड्यातील पातळ शीचे कारण पुष्कळदा तेच निघते. दूध बंद करून दोन दिवसांत पोट सुधारले तर चिंता नाही. मात्र उलट्या, शीमध्ये रक्त किंवा मलूलपणा दिसला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा, कारण ही पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणुजन्य आजाराची लक्षणे असू शकतात.

लसीकरणाचे कार्ड आणि जंताचे औषध कधी दिले त्याची नोंद हीसुद्धा सामानाच्याच यादीत धरावी. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. त्यामुळे 'लहान आणले की लवकर लळा लागतो' असे सांगून महिन्याचे पिल्लू हातात देणाऱ्याकडून ते घेऊच नये. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात टोचतात, पुढचे डोस साधारण सोळा आठवडे वयापर्यंत चालतात आणि रेबीजची लस तीन महिन्यांनंतर देतात. हे पूर्ण होईपर्यंत मल्टीच्या (बहुमजली इमारतीच्या) आवारात किंवा बागेत पिल्लाला जमिनीवर सोडू नये. घरात आधी एखादे कुत्रे पार्व्होने गेले असेल तर त्याची जुनी गादी नव्या पिल्लाला मुळीच देऊ नये, कारण हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनेलने मरत नाही. भांडी व फरशी आधी धुऊन मग पातळ केलेल्या ब्लीचने पुसावी लागते.

आता कॅल्शियम. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा मोठ्या जातींची पिल्ले आणणाऱ्यांत 'हाडे मजबूत व्हावीत' म्हणून सिरप पाजण्याची पद्धत इतकी रुजली आहे की बाटली विकत न घेणारा मालक कंजूष ठरतो. वास्तविक या वयात आतड्यांतून किती कॅल्शियम शोषायचे यावर शरीराचे पुरेसे नियंत्रण नसते. पोटात जाईल त्यातले बरेचसे शरीरात मुरते, हाडांची वाढ बिघडते आणि ज्या भीतीने औषध दिले तेच वाकडे पाय समोर येतात. चांगल्या पपी फूडमध्ये, विशेषतः मोठ्या जातींसाठीच्या वेगळ्या पाकिटात, कॅल्शियम व फॉस्फरसचे प्रमाण जुळवलेले असते आणि त्यावर वरून काही घालायचे नसते. केवळ भात आणि बिनहाडाचे चिकन घालणाऱ्या घरात मात्र कॅल्शियम खरोखरच कमी पडते. तिथे किती द्यायचे हे पशुवैद्याने वजन पाहून ठरवावे, दुकानदाराने नव्हे. पाय फाकत असतील तर आधी फरशी पाहावी: गुळगुळीत टाइल्सवर पिल्लाचे मागचे पाय सारखे बाहेर सरकतात, आणि त्यावर उपाय म्हणजे वावरण्याच्या जागेत जुनी सतरंजी किंवा रबरी मॅट अंथरणे.

खाऊची वेगळी खरेदी करण्याआधी घरातला खाऊ आवरावा. सकाळच्या पोह्यांत कांदा असतो, लसणाच्या शेवेत लसूण, आणि हे दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक आहेत. मनुका, द्राक्षे व चॉकलेटही वर्ज्य. 'एवढ्याशा शेवेने काय होते' म्हणणाऱ्या आजोबांना हे पिल्लू येण्यापूर्वीच समजावावे. अंगणातली कण्हेरही विषारी असते. कुंड्या पिल्लाच्या तोंडाला येणार नाहीत अशा ठेवाव्यात.

जाड लोखंडी साखळी आणू नये. हलका कापडी पट्टा घ्यावा, त्यात आपली दोन बोटे सहज जावीत, आणि दर आठवड्याला तो सैल करावा लागतो का ते पाहावे, कारण पिल्लाची मान वाढते, पट्टा वाढत नाही. भांडी स्टीलची, खाली रबर असलेली बरी. खेळण्याची पारख सोपी आहे: नख दाबले तर किंचित रुतले पाहिजे आणि आकार घशात अडकण्याइतका लहान नसावा. दुधाचे दात पडण्याच्या दिवसांत, म्हणजे साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात, ते काहीतरी चावणारच. त्या वेळी जुनी चप्पल खेळायला दिली तर नवी आणि जुनी यांतला फरक त्याने ओळखावा ही अपेक्षा चुकीची आहे.

रात्री रडणे ही पहिल्या आठवड्यातील मुख्य तक्रार. भला मोठा पिंजरा घेतला तर पिल्लू एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्यात शू करते. उभे राहता, वळता आणि पसरता येईल एवढीच जागा द्यावी व उरलेली आडोसा लावून बंद करावी. आईच्या अंगाचा वास असलेला कापडाचा तुकडा मागून आणावा आणि पहिल्या काही रात्री पिंजरा आपल्या पलंगाशेजारी ठेवावा. या वयाच्या पिल्लाला रात्रभर लघवी रोखता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

एकाच जागी पुन्हा पुन्हा शू होत असेल तर बहुधा साफसफाईत चूक असते. फिनेलने शूचा वास आपल्यापुरता नाहीसा होतो, पिल्लाच्या नाकाला तो येतच राहतो. शिवाय ओल्या फिनेलवरून चालून पिल्लू पंजे चाटते. शूचा वास मुळापासून घालवणारे, एन्झाइम असलेले क्लीनर यासाठीच मिळते. शूचे पॅड रोज थोडे-थोडे सरकवत बाल्कनीपर्यंत न्यावेत, आणि वापरलेले पॅड ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता कागदात गुंडाळून, डायपरप्रमाणेच, कचरागाडीच्या सॅनिटरी कप्प्यात टाकावेत.