विदर्भाच्या उन्हात मोटारसायकलचे इंजिन कसे सांभाळावे

मे महिन्यात पुण्याहून नागपूरला मोटारसायकलने जायचे ठरवले की घरची माणसे चालवणाऱ्याच्या जिवाची काळजी करतात आणि मेकॅनिक इंजिनाची. दोघांचेही म्हणणे रास्त असते. समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नसल्यामुळे अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेड राजा, मेहकर, कारंजा असा सुमारे ७०० किलोमीटरचा जुना रस्ता धरावा लागतो. या रस्त्यावर मोकळे पट्टे आहेत, तसेच गावागणिक गतिरोधक, आठवडी बाजार आणि ट्रकमागे खोळंबलेल्या रांगाही आहेत. इंजिनाला खरा त्रास मोकळ्या पट्ट्यात होत नाही, तो या खोळंब्यात आणि दुपारच्या घाटचढणीत होतो. पुढील विवेचन ३५० ते ४०० सीसीच्या एकसिलिंडरी प्रवासी मोटारसायकली डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. त्यांतल्या काही हवेने थंड होणाऱ्या असतात, तर काही कूलंट (इंजिनातली उष्णता वाहून नेणारा द्रव) आणि रेडिएटर (त्या द्रवाला वाऱ्याने निववणारी जाळी) असलेल्या.

पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव ते एकतृतीयांश हिस्सा गाडी पुढे ढकलण्याच्या कामी येतो. उरलेली सगळी उष्णताच असते. तिच्यातली बरीच सायलेन्सरवाटे निघून जाते आणि बाकीची सिलिंडरच्या भिंतींतून, ऑइलमधून आणि कूलंटमधून बाहेर काढावी लागते. ही उष्णता किती वेगाने बाहेर पडेल, हे इंजिन आणि भोवतालची हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. सिलिंडरच्या पाकळ्या, म्हणजे फिन्स, समजा १५० अंशांवर आहेत. बाहेर २५ अंश असताना हा फरक १२५ अंशांचा असतो आणि ४५ अंश असताना १०५ अंशांचा, म्हणजे घट सुमारे १६ टक्क्यांची झाली. रेडिएटरमधले कूलंट मात्र ९५ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे त्याच्या बाबतीत ७० अंशांचा फरक ५० वर येतो आणि घट २९ टक्क्यांच्या घरात जाते. रेडिएटरवाल्या गाडीला उन्हाची फिकीर नाही, हा समज म्हणूनच अपुरा आहे. तिच्याकडे पंखा असतो आणि राखीव क्षमताही असते, परंतु अकोला-चंद्रपूरकडच्या ४५ अंशांच्या उन्हात त्या राखीव क्षमतेचा मोठा भाग आधीच खर्ची पडलेला असतो.

दुसरी गोष्ट वेगाची. हवेचा अडथळा तोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटरला जेवढी लागते, तिच्या जवळजवळ दुप्पट शक्ती ताशी १०० किलोमीटरला लागते आणि तेवढे जास्त पेट्रोल जळते. त्याच वेळी फिन्सवरून जाणारा वारा मात्र जेमतेम सव्वापट होतो. वेगात वारा जास्त लागतो म्हणून गाडी थंड राहते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एवढा हिशेब एकदा करून पाहावा. मोकळ्या रस्त्यावर ताशी ७० ते ८५ किलोमीटरचा स्थिर वेग या वर्गातील इंजिनांना सर्वांत मानवतो, असे माझे मत आहे.

निघण्यापूर्वी

सर्वांत आधी ऑइलकडे लक्ष द्यावे, कारण हवेने थंड होणाऱ्या इंजिनात उष्णता वाहून नेण्याचे बरेचसे काम तेच करते. शिवाय बहुतेक मोटारसायकलींचा क्लच आणि गिअर त्याच ऑइलात बुडालेले असतात. डब्यावर १५डब्ल्यू-५० असे लिहिलेले असते तेव्हा त्यातला दुसरा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंशांना, ऑइल किती दाट राहते हे दाखवतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला दर्जाच वापरावा. उन्हाळा आहे म्हणून आपल्या मनाने आणखी दाट ऑइल ओतू नये, कारण जास्त दाट ऑइल अरुंद मार्गांतून संथपणे फिरते आणि उष्णताही संथपणेच नेते. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलात बुडालेल्या क्लचसाठीचे जपानी मानक) अशी खूण असल्याची खात्री करावी. मोटारगाडीचे ऑइल स्वस्त मिळते म्हणून भरल्यास त्यातील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच घसरू शकतो, आणि घसरता क्लच ही स्वतःच एक भट्टी असते. ऑइल बदलण्याची मुदत जवळ आली असेल तर ते प्रवासानंतर बदलण्यापेक्षा आधी बदलावे. तापमान दर १० अंशांनी वाढले की ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. आधीच थकलेल्या ऑइलकडून विदर्भाच्या दुपारची अपेक्षा करणे बरे नव्हे. पातळी पाहताना गाडी सपाट जागी सरळ उभी धरावी, कारण बाजूच्या स्टँडवर कललेल्या गाडीत ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेवरची खूण फसवते.

त्यानंतर फिन्स आणि रेडिएटर स्वच्छ करावेत. मराठवाड्याच्या काळ्या मातीचा चिखल वाळला की फिन्सच्या खाचांत गिलाव्यासारखा घट्ट बसतो आणि वाऱ्याचा धातूशी संबंधच तोडतो. गार इंजिनावर पाणी मारून, जुन्या दात घासण्याच्या ब्रशने खाचा मोकळ्या कराव्यात. रेडिएटरच्या बारीक जाळीत किडे अडकतात आणि एप्रिल-मेमध्ये सावरीची बोंडे फुटल्यावर उडणारा कापूसही तिथेच जाऊन बसतो. धुलाई केंद्रातला जोराचा फवारा जवळून मारल्यास या जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात, म्हणून मागच्या बाजूने हलक्या धारेने पाणी सोडावे.

येथे स्वतःचा एक गाढवपणा सांगणे योग्य होईल. एका उन्हाळ्यात मी लेगगार्डच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन बांधले होते, मध्ये दिव्यांची रुंद पट्टी होती आणि हे सगळे किती नीटनेटके बसले आहे याचा मला अभिमान वाटत होता. मेहकरच्या अलीकडे गिअर जड पडू लागले, न्यूट्रल सापडेनासे झाले आणि चढावर इंजिनातून टिकटिक ऐकू येऊ लागली. कॅन मागे बांधल्यावर पुढच्या तासाभरात तक्रार मिटली. सिलिंडर आणि रेडिएटरच्या पुढची जागा ही सामानाची नव्हे, वाऱ्याची आहे. रेडिएटरसमोर फार बारीक जाळीचे गार्ड लावणेही याच कारणाने टाळावे.

कूलंट असलेल्या गाडीत राखीव टाकीतील पातळी इंजिन गार असताना दोन खुणांच्या मध्ये असावी. कूलंट किती काळ टिकते हे पुस्तिकेत दिलेले असते. मुदत उलटली असेल तर ते पूर्ण काढून नवे भरावे आणि पाणी मिसळायचेच असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घ्यावे. आपल्याकडे बोअरवेलचे पाणी जड असते, त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आतून बसतो आणि बाहेरून कितीही धुतले तरी निघत नाही. निम्मे ग्लायकॉल (कूलंटमधले मुख्य द्रव्य) आणि निम्मे पाणी हे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढवून हा उत्कलनबिंदू आणखी वर नेते, त्यामुळे झाकणाचे रबर चिरलेले असेल तर चांगले कूलंटही लवकर उकळू लागते. गाडी उभी ठेवून थोडा वेळ चालू ठेवावी आणि पंखा खरोखर सुरू होतो की नाही हे कानांनी ऐकावे. पंख्याचा फ्यूज कुठे आहे ते घरीच पाहून ठेवावे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. चाक हाताने फिरवून ब्रेक चिकटत नाहीत ना ते पाहावे आणि चेन फार ताणलेली किंवा कोरडी नसावी, कारण या दोन्हींमुळे इंजिनावर विनाकारण भार येतो. एअर फिल्टर साफ असावा. मोकळा सायलेन्सर बसवून इंधनाचे प्रमाण जुळवून घेतलेले नसेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि इंजिन अधिक तापते. गार इंजिनातून काढलेल्या स्पार्क प्लगचे टोक बदामी न दिसता पांढुरके दिसले तर हीच शंका घ्यावी. टाकी काठोकाठ भरू नये. पंधरा लिटर पेट्रोल २५ अंशांनी तापले तर सुमारे तिसरा हिस्सा लिटर फुगते आणि त्याला जागा लागते.

रस्त्यावर

वेळ निवडणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. पहाटे साडेचार-पाचला निघून अकरापर्यंत जेवढे अंतर कापता येईल तेवढे कापावे, दुपारी चारपर्यंत सावलीत थांबावे आणि संध्याकाळी पुन्हा निघावे. उन्हाळ्यातल्या दुपारी विदर्भातले रस्ते ओस पडतात, ते उगाच नव्हे. चाळीस अंशांच्या पुढचा वारा अंगाला थंडावा देत नाही, उलट भाजतो. इंजिनाच्या आधी चालवणाराच हरतो, आणि पन्हे-ताक घेऊन तीन तास लिंबाखाली काढल्याने दोघांचाही फायदा होतो.

गिअरच्या बाबतीत एक सवय मोडावी लागते. पेट्रोल वाचावे म्हणून वरच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर, अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळून गाडी ओढत नेणारे बरेच असतात. अशा वेळी सिलिंडरमधला दाब जास्त असतो, ज्वलन वेडेवाकडे होऊन टिकटिक असा आवाज येतो आणि पिस्टन व सिलिंडरचा माथा (हेड) झपाट्याने तापतात. एक गिअर खाली घेऊन फेऱ्या वाढवाव्यात आणि मूठ सैल करावी. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट मागे माणूस व सामान घेऊन चढताना हे विशेष जाणवते, कारण वळणांमुळे वेग ताशी तीस-चाळीसच्या वर जात नाही, म्हणजे भार पूर्ण आणि वारा मात्र तुटपुंजा अशी अवस्था असते. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मोकळेपणाने चढावे आणि दर आठ-दहा किलोमीटरला एखादा सपाट किंवा उताराचा तुकडा मिळाल्यास मूठ सोडून इंजिनाला वारा खाऊ द्यावा.

शहरात आणि बाजारात अर्धा क्लच दाबून इंचाइंचाने सरकण्याचे टाळावे. क्लचच्या घर्षणाची उष्णता थेट ऑइलात जाते. पुढे गाडीभर जागा होईपर्यंत न्यूट्रलमध्ये थांबावे आणि मगच पुढे जावे. थांबा मिनिटभराहून लांबेल असे दिसले तर हवेने थंड होणारे इंजिन बंदच करावे. रेडिएटरवाल्या गाडीचा पंखा फिरत असेल तर त्याला काही क्षण काम करू द्यावे; पंख्याची गरम हवा पायांवर आली म्हणजे बिघाड झाला असे नाही, ती यंत्रणा चालू असल्याची खूण आहे. बीएस-६ या प्रदूषण-निकषांच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक बहुधा सायलेन्सरच्या सुरुवातीच्या भागातच असतो, म्हणून उजव्या पोटरीला जाच होतो. जाड पँट आणि उंच बूट हाच त्यावरचा इलाज.

इंजिन फार तापल्यास

हवेने थंड होणारी गाडी तापल्याची लक्षणे काट्यावर दिसत नाहीत. ओढ कमी होणे, टिकटिक, गिअर जड होणे, क्लचच्या दांड्याची मोकळीक कमी होणे आणि जळक्या ऑइलचा वास यांवरून ती ओळखावी लागतात. अशा वेळी लगेच ब्रेक मारून उभे राहण्यापेक्षा, रस्ता सपाट असेल तर दोन-तीन किलोमीटर हलक्या हाताने, ताशी पन्नासच्या आसपास जावे आणि मग सावलीत थांबावे. इंजिन बंद केल्यावर वारा आणि ऑइलचा प्रवाह दोन्ही थांबतात, त्यामुळे आत साठलेली उष्णता काही मिनिटे उलट वर चढते. गाडीचे तोंड वाऱ्याकडे करावे आणि अर्धा तास तिला हात लावू नये. तापलेल्या सिलिंडरवर पाणी ओतू नये. एकाच बाजूने अचानक आकसलेला धातू वाकू किंवा तडकू शकतो, आणि ढाब्यावरचा मदतीला धावलेला पोऱ्या बादली घेऊन येतो तेव्हा त्याला नम्रपणे अडवावे लागते.

कूलंटच्या गाडीत तापमानाचा लाल दिवा लागला तर हलक्या हाताने चालत राहण्याचा हा सल्ला लागू होत नाही. सुरक्षित जागा मिळताच थांबून इंजिन बंद करावे. काही गाड्यांत चावी चालू ठेवल्यास पंखा फिरत राहतो, तसे असेल तर फिरू द्यावा. रेडिएटरचे झाकण गरम असताना कोणत्याही परिस्थितीत उघडू नये, कारण दाब सुटताच उकळते कूलंट तोंडावर उडते. रबरी नळी हाताने सहज धरता येईल इतकी निवल्यावर, साधारण पाऊण तासाने, फडके धरून झाकण सावकाश सैल करावे. आधी पंख्याचा फ्यूज पाहावा, मग नळ्यांचे क्लॅम्प आणि कूलंट फिरवणाऱ्या पंपाखालचे बारीक छिद्र. तिथून थेंब पडत असतील तर पंपाचे सील गेले आहे. डिस्टिल्ड वॉटर जवळ नसेल तर बाटलीबंद पिण्याचे पाणी घालून जवळच्या गावापर्यंत जाता येते, मात्र पुढे संपूर्ण कूलंट बदलून घ्यावे. ऑइलची काच दुधट दिसत असेल तर पाणी ऑइलात शिरले आहे असे समजावे आणि इंजिन पुन्हा सुरू न करता गाडी टेम्पोत चढवावी.

मुक्कामी पोहोचल्यावर त्याच रात्री काही तपासत बसू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण गार असताना राखीव टाकीतील कूलंटची पातळी पाहावी, फिन्सवरची धूळ झटकावी, आणि मग पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे इंजिन चालवून ऑइलची पातळी तपासावी. भर उन्हात दिवसभर चाललेल्या हवेने थंड होणाऱ्या गाडीत ऑइल थोडे कमी झालेले आढळणे स्वाभाविक आहे, म्हणून त्याच दर्जाच्या ऑइलचा एक लहान डबा सामानात असावा.