वसाहतवाद आणि रवांडा: संशोधन आराखडा समितीपुढे टिकवायचा कसा

‘वसाहतवादानं रवांडात नरसंहार घडवला’ असं शीर्षक घेऊन गेलात तर आराखडा परत येणार, आणि ते रास्तच आहे. आधी क्रियापद बदला. वंशाची वसाहतकालीन कल्पना कोणत्या कागदांतून, कुणाच्या हातून १९९४च्या नरसंहारापर्यंत (हुतू अतिरेक्यांनी केलेली तुत्सींची कत्तल) पोचली, हा प्रश्न घ्या. मधली एकही कडी सुटली, तर समिती त्याला राजकीय आरोप म्हणून बाजूला सारते.

सुरुवात १८६३पासून करा. पूर्व आफ्रिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या प्रदेशातले राज्यकर्ते (रवांडात तुत्सी) इथिओपियाकडून आलेले वेगळ्या वंशाचे लोक आहेत, असा तर्क ब्रिटिश प्रवासी जॉन स्पीक यांनी त्या वर्षी छापला. पुढे १९३०च्या दशकात रवांडावर राज्य करणाऱ्या बेल्जियन प्रशासनानं प्रत्येकाची जमात ओळखपत्रावर नोंदवली. सगळ्यात जास्त वेळ या ओळखपत्रावर घालवा. १९९४मधल्या कार्डावर ‘उब्वोको’ या शब्दापुढे हुतू, तुत्सी, त्वा आणि नागरिकत्व मिळालेला असे चार पर्याय छापलेले असत. लागू नसलेल्यांवर काट मारलेली असे. उब्वोको म्हणजे पूर्वी कूळ, आणि एकाच कुळात हुतूही असत, तुत्सीही. शब्द तोच राहिला, आतला अर्थ बदलला. नाकाबंदीवर माणूस मारायचा की सोडायचा, हे त्या काट मारलेल्या ओळीवर ठरत होतं.

१९५७चा ‘बाहुतू जाहीरनामा’ वगळू नका. ओळखपत्रावरची जमातीची नोंद काढू नये, असं त्यात हुतू पुढाऱ्यांनीच म्हटलं होतं. ‘सगळा दोष गोऱ्यांचा म्हणता, मग मारेकरी सुटले का?’ या आक्षेपाचं उत्तर इथंच आहे: कल्पना बाहेरून आली, पण ती तिथल्यांनी उचलली, वापरली.

‘भेद आधीपासूनच होते’ हा आक्षेप नाकारू नका. बेल्जियमच्या आधी रवांडा जर्मनांकडे होता; ते जर्मन येण्याआधीच राजा र्वाबुगिरीच्या काळात हुतूंवर ‘उबुरेत्वा’ ही वेठबिगार लादली गेली होती. हे पहिल्या प्रकरणात स्वतःच लिहा. शेजारचा बुरुंडीही घ्या. तिथंही बेल्जियमच होतं, पण १९७२मध्ये तुत्सी वर्चस्वाच्या सैन्यानं हुतूंना मारलं. म्हणजे कल्पना एकटी पुरत नाही. रवांडात तुत्सी बंडखोरांशी १९९०पासून चाललेलं युद्ध आणि त्यातली भीतीही जोडावी लागते.

‘ठाण्यात बसून आफ्रिका कशाला?’ असंही विचारतील. कालिन्याला मुंबई विद्यापीठाचा आफ्रिका अभ्यास विभाग आहे. ठाण्याहून कुर्ला गाठा, तिथून बस. भारतातही वसाहती सरकारनं माणसांचे असे गट नोंदवले: ब्रिटिश अधिकारी रिस्ले यांची १९०१ची जनगणना आणि १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा तुलनेला घ्या, पुरावा म्हणून नको.

अस्सल साधनांत अरुशाच्या (टांझानिया) रवांडाविषयक आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाचा अकायेसू या आरोपीवरचा निकाल (२ सप्टेंबर १९९८) आधी वाचा. त्यात ओळखपत्रांचा इतिहास आहे. हुतू राजकारणी लेऑं मुगेसेराच्या २२ नोव्हेंबर १९९२च्या भाषणात तुत्सींना न्याबारोंगो नदीमार्गे इथिओपियाला पाठवण्याची भाषा आहे. मात्र त्याच्या भाषांतरावरून कॅनडात खटला वर्षानुवर्षं चालला आणि २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून कोणतं भाषांतर घेतलं ते तळटीपेत लिहा आणि मूळ किन्यारवांडा (रवांडाची भाषा) वाक्य शेजारी द्या.