एचआयव्हीचा अहवाल निगेटिव्ह आल्यावरही भीती जात नसेल तर

सर्वप्रथम ज्या प्रसंगाची धास्ती वाटते तो दिवस, चाचणीचा दिवस आणि चाचणीचा प्रकार कागदावर लिहावा. शिरेतील रक्तावर प्रयोगशाळेत होणारी चौथ्या पिढीची चाचणी (विषाणूचा अंश आणि अँटिबॉडी म्हणजे त्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने, दोन्ही शोधणारी) त्या प्रसंगानंतर ४५ दिवसांनी, किंवा केवळ अँटिबॉडी शोधणारी रॅपिड (झटपट निकाल देणारी) चाचणी ९० दिवसांनंतर निगेटिव्ह आली असेल, मधल्या काळात नवा धोका घडला नसेल आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषधे घेतली नसतील, तर तो निकाल अंतिम समजावा. मुदत भरली नसेल, तर सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्राच्या समुपदेशकाकडून पुढील चाचणीची एकच तारीख ठरवून घ्यावी. तेथे चाचणी मोफत होते व माहिती गोपनीय राहते.

खरी अडचण त्यानंतरची असते. मोबाइलच्या टॉर्चने आरशात जीभ न्याहाळणे, मानेतील गाठी सतत चाचपणे हे सुरू होते. दाबून दाबून ती जागा दुखू लागते आणि ते दुखणेच नवा पुरावा वाटते. अशी ऊर्मी आली की घड्याळ लावून १५ मिनिटे थांबावे, मग अर्धा तास. लक्षणे गुगलवर शोधण्यालाही हाच नियम लावावा. दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा रक्त देऊन मिळणारा दिलासा फार दिवस टिकत नाही, उलट शंकेला सवय लागते.

अनेकदा मुळाशी विषाणू नसतो, तर त्या प्रसंगाची बोचणी असते, आणि ती कोणत्याही रक्तचाचणीत दिसत नाही. झोप किंवा काम बिघडत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.