सनबेडवर भाजलंय? आता निदान या चुका टाळा

मँचेस्टर किंवा बर्लिनच्या हिवाळ्यात चारच्या सुमारासच अंधारायला लागतं. मग कुणीतरी सुचवतं, टॅनिंग सलूनमध्ये जा (तिथे अतिनील दिव्यांच्या पलंगावर, म्हणजे सनबेडवर झोपून कातडी रापवतात), व्हिटॅमिन डी मिळेल. शिकायला गेलेली आपली मुलंही याला बळी पडतात. अतिनील किरणांपैकी व्हिटॅमिन डी बनतं यूव्हीबी प्रकारामुळे आणि सनबेडमधून येतात ती मुख्यतः दुसऱ्या, यूव्हीए प्रकारची, त्यामुळे हे कारण तसं लंगडंच.

त्यात "आपण सावळे, आपल्याला काय होतंय" हा भ्रम. सावळी त्वचाही भाजते, फक्त लाली चटकन दिसत नाही. म्हणून आरशावर विसंबू नका, हात लावून बघा. कातडी गरम लागतेय, ताणल्यासारखी वाटतेय, कपडा लागला तरी झोंबतंय, म्हणजे भाजलंय. हे सगळं सलूनमध्ये कळतच नाही. तीन ते सहा तासांनी सुरू होतं आणि साधारण १२ ते २४ तासांत सगळ्यात जास्त होतं. त्यामुळे "आज काहीच झालं नाही" म्हणून पॅकेजमधलं पुढचं सेशन दुसऱ्याच दिवशी घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

घरी आल्यावर स्वयंपाकघराकडे धाव घेऊ नका. बर्फ थेट चोळला तर आधीच दुखावलेल्या कातडीला आणखी इजा होते. तूप, खोबरेल, व्हॅसलीन सुरुवातीला आतली धग कोंडून ठेवतात. टूथपेस्ट तर नकोच. आणि लिंबू? टॅन उतरवायला आपल्याकडे हमखास सांगतात, पण लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर यूव्हीए पडलं की फोड येतात, काळे डाग कित्येक आठवडे जात नाहीत.

गार (बर्फाळ नव्हे) पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं राहा, टॉवेलने टिपून घ्या आणि कातडी ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. कोरफडीचं साधं जेल चालेल. कुंडीतली कोरफड कापलीत तर तिचा पिवळा चीक लागू देऊ नका, त्याने खाज सुटते. बेंझोकेनसारखी बधिर करणारी मलमं टाळा, त्यांची ॲलर्जी येऊ शकते. दुखत असेल तर पॅरासिटामॉल घ्या, भरपूर पाणी प्या. फोड फोडू नका. चार-आठ दिवसांनी सालं निघतील, तेव्हा उटणं लावून घासायचा मोह आवरा.

नेहमीपेक्षा लवकर भाजलं असेल तर औषधांची पाकिटं बघा. मुरमांसाठी देतात ते डॉक्सिसायक्लिन त्वचेला किरणांबाबत हळवं करतं. गोळी मनानेच बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. सलून मात्र बंद.

मोठ्या भागावर फोड, ताप, हुडहुडी, उलट्या, चक्कर किंवा पू दिसला तर घरगुती उपाय थांबवा, डॉक्टरांकडे जा. सनबेडवर संरक्षक चष्मा न लावता नुसते डोळे मिटून पडला होतात आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतंय? मग डोळे चोळू नका, कॉन्टॅक्ट लेन्स काढा, आणि सकाळी आधी डोळ्यांचा डॉक्टर गाठा.